सोनं नव्हे, सोनखत

ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत करणारा एखादा प्रकल्प बंद पडला की ठरलेलं भांडण सुरू होतं. एक बाजू म्हणते, कचरा म्हणजे सोनं आहे, ते काढायची कुणाची इच्छाच नाही. दुसरी म्हणते, बघा, आम्ही आधीच सांगत होतो. सगळं अनुदानावर पोसलेलं थोतांड, ज्यात नफा नाही त्यात अर्थ नाही. दोन्ही बाजू एकमेकांवर तुटून पडतात, पण एका गोष्टीवर त्यांचं न बोलता एकमत असतं : कचऱ्याने आपला खर्च आपणच भागवला पाहिजे. माझं भांडण या एकमताशी आहे. कुजणाऱ्या पदार्थांची विल्हेवाट लावणं हे मुळात स्वच्छतेचं काम आहे, सांडपाण्याची गटारं बांधण्यासारखं. ते करताना गॅस निघतो, खत निघतं. दोन्ही कामाचं आहे आणि दोन्ही जरूर घ्यावं. पण विक्रीचा माल म्हणून त्याच्यावर डोळा ठेवून प्रकल्प आखला, की गॅस धड मिळत नाही, खत शेतकरी घेत नाही आणि कचरा होता तिथेच राहतो.

‘कचऱ्यातून सोनं’ ही कल्पना काही आजची नाही. माणसाच्या मैल्यापासून केलेल्या खताला मराठीत सोनखत म्हणतात, आणि तो शब्द थट्टेचा नाही. अठराव्या शतकात दहा लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत, मैल्याला खरोखर भाव होता. आसपासचे शेतकरी तो विकत नेत, कधी पैसे देऊन तर कधी भाजीपाला देऊन. चाळीतल्या संडासावर हक्क मालकाचा, आणि त्याच्या उत्पन्नातला हा चांगला वाटा. ओसाकाच्या आसपासची गावं तर कुठल्या वस्तीतला मैला कुणी न्यायचा यावरून एकमेकांशी भांडली. हे उदाहरण ‘सोनं’वाल्यांना फार आवडतं. पण भाव का होता, हे ते सांगत नाहीत. शेतं शहराला लागून होती, पिकांना नत्र, म्हणजे नायट्रोजन, हवं होतं आणि ते मिळवायचे दुसरे मार्ग थोडे व महाग होते. शिवाय घाण उपसणं आणि वाहणं हे सगळं माणसांच्या हातांनी आणि खांद्यांवर होत होतं, आणि असल्या कामाची खरी किंमत कुठल्याच काळात कुठल्याच हिशोबात पुरती उतरलेली नाही. सोनं कुणाच्या तरी डोक्यावरून आलं की ते स्वस्तच पडतं.

दुसरा मार्ग सापडला की हे सोनं मातीमोल होतं, हेही इतिहासाने दाखवलंय. १८४० नंतर पेरूच्या चिंचा बेटांवरची समुद्रपक्ष्यांची विष्ठा, म्हणजे ग्वानो, खत म्हणून जहाजं भरभरून युरोपात जाऊ लागली. अमेरिकेने १८५६ मध्ये असल्या बेटांवर हक्क सांगण्यासाठी वेगळा कायदाच केला. हजारो वर्षांत साचलेला तो साठा काही दशकांत खरवडून संपला. मग जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, कार्ल बॉशने तो कारखान्यात उतरवला आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊ इथे उत्पादन सुरू झालं. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांच्या ताटातलं अन्न या प्रक्रियेतून आलेल्या नत्रावर पिकतं. तेव्हा नफ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा आधीच कबूल करून टाकू : नत्राचं पोतं म्हणून पाहिलं, तर कारखान्यातल्या युरियापुढे कंपोस्ट टिकत नाही. टिकणारही नाही.

कबुली नुसत्या शब्दांत नको, आकड्यांत देऊ. एक टन ओला कचरा घ्या. त्यात ७०० ते ८०० किलो नुसतं पाणी. उरलेल्यातून चांगल्या चालणाऱ्या टाकीत, म्हणजे जिथे हवेविना जंतू कचरा कुजवतात अशा बंद टाकीत, साधारण १०० घनमीटर बायोगॅस मिळतो, त्यात ६० टक्क्यांच्या आसपास मिथेन. म्हणजे उष्णता ६०० युनिटच्या घरात, सुमारे ६० लिटर डिझेलएवढी. त्याची वीज करायची तर हातात जेमतेम २०० युनिट पडतात, आणि त्यातूनच पंप चालवायचे, ढवळणी फिरवायची. नत्राचं म्हणाल तर त्या टनात ते सात-आठ किलो असतं, म्हणजे १५ किलोंच्या आसपास युरियात असतं तेवढं. त्यासाठी एक टन कचरा वाहून आणायचा, निवडायचा, कुजवायचा, चाळायचा आणि परत शेतापर्यंत न्यायचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय! ‘नफा होत नाही’ असं म्हणणारा इथपर्यंत अगदी बरोबर आहे.

पण हिशोबाची वही इथेच मिटायची का? तोच टनभर कचरा आपण काहीच न करता कचराभूमीवर ओतला तर काय होतं, तेही त्याच वहीत मांडू. ढिगाच्या पोटात हवा जात नाही. टाकीत घडतं तेच तिथेही घडतं, फक्त झाकणाशिवाय. टाकीतल्या ६० घनमीटर मिथेनचं वजन ४० किलोंच्या आसपास भरतं. ढिगातून त्याचा निम्माच हवेत निसटला असं धरू, म्हणजे २० किलो. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेन पृथ्वीला कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट तापवतो. म्हणजे हे ५६० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडल्यासारखं झालं. आणि टाकीतला गॅस वापरून जे ६० लिटर डिझेल वाचलं, त्याचा धूर किती? १६० किलोंच्या आसपास. म्हणजे गॅस विकून जेवढं भलं होतं, त्याच्या तिप्पट-चौपट भलं कचरा ढिगावर गेला नाही एवढ्यानेच होतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ मध्ये असा अंदाज मांडला की तिथल्या कचराभूमींवरून निसटणाऱ्या मिथेनपैकी ५८ टक्के एकट्या वाया गेलेल्या अन्नातून येतो. कारणही साधं आहे : अन्न भराभर कुजतं, आणि गॅस ओढून घेणाऱ्या नळ्या ढिगात घालेपर्यंत बराचसा पसार झालेला असतो.

आता मेख अशी, की या तिप्पट-चौपट फायद्याला गिऱ्हाईक नाही. न निसटलेला मिथेन बाटलीत भरून विकता येत नाही. ताळेबंदात दिसतो तो गॅस आणि दिसतं ते खत, म्हणून वाद त्यांच्यावरच घुटमळतो. हे म्हणजे दवाखान्याचं मोल रद्दीत विकलेल्या औषधांच्या खोक्यांवरून ठरवण्यासारखं झालं.

असाच घोळ लंडनमध्ये घालून झालेला आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदी इतकी सडली की संसदेच्या खिडक्यांना ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवलेले पडदे लावावे लागले. तोवर वर्षानुवर्षं एक वाद रंगला होता : लंडनचं मैलापाणी नदीत सोडणं म्हणजे संपत्ती फेकणं आहे, ते शेतांवर नेलं तर शहराला पैसे मिळतील. एडविन चॅडविकसारखा सार्वजनिक आरोग्याचा खंदा पुरस्कर्ता हे मानत होता. जर्मनीचा थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग इंग्लंडला बजावत होता की तुम्ही जमिनीचा कस समुद्रात ओतताय. लीबिगची चिंता खोटी नव्हती. पण मैलापाण्यावर नफा कमावायच्या योजना एकामागून एक फसल्या, कारण त्या मालात माल थोडा आणि पाणीच फार होतं. शेवटी नाकाशी दुर्गंधी आल्यावर संसदेने काही आठवड्यांत कायदा केला आणि अभियंता जोसेफ बाझलजेटने सार्वजनिक पैशातून भुयारी गटारं बांधली. त्या गटारांनी नफा किती दिला, असा प्रश्न आज कुणी विचारतं का? १८६६ मध्ये लंडनमध्ये पटकी, म्हणजे कॉलरा, पुन्हा आली, तेव्हा तिने मुख्यतः पूर्वेचा असा भाग गाठला, जिथलं काम अजून पुरं झालेलं नव्हतं. गटारांची कमाई त्या नकाशात आहे. मात्र बाझलजेटची गटारंही घाण शहराच्या खालच्या अंगाला नेऊन नदीतच सोडत होती. खर्च कुणी करायचा हा प्रश्न लंडनने सोडवला. जमिनीचा कस परत कसा द्यायचा हा लीबिगचा प्रश्न तसाच राहिला. आज आपल्यापुढे दोन्ही एकदम उभे आहेत.

आता दुसरा आक्षेप, जो मला पहिल्यापेक्षा जास्त टोचतो. तो म्हणतो की हे प्रकल्प स्वच्छतेचं कामही नीट करत नाहीत. टाक्यांतून मिथेन गळतो आणि खतातून विष शेतात जातं. गळतीचं आधी पाहू. वरच्याच टनाचा ५ टक्के मिथेन सांध्यांतून, झडपांतून किंवा उघड्यावर साठवलेल्या स्लरीतून, म्हणजे टाकीतून निघालेल्या पातळ गाळातून, निसटला तर तो २ किलो. शंभर वर्षांच्या मापाने त्याने डिझेल वाचवल्याचा तिसरा हिस्सा खाल्ला. वीस वर्षांच्या मापाने, जिथे मिथेन ८० पट धरतात, त्याने तो सगळाच खाल्ला. गळतीकडे काणाडोळा करणारा प्रकल्प स्वतःला हरित म्हणवतो तेव्हा तो थापा मारत असतो. पण यातून काय निघतं? टाकी घट्ट बांधा, स्लरीच्या हौदावर झाकण घाला, गळती मोजा. झाकण असलेली टाकी गळते म्हणून झाकणच नसलेला ढीग बरा, असं काही त्यातून निघत नाही.

विषाचा मुद्दा एवढ्यावर निभावत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात सांडपाण्याचा गाळ खत म्हणून वर्षानुवर्षं शेतांवर पसरला. त्यातून पीफास नावाची, निसर्गात जवळजवळ न मोडणारी रसायनं मातीत, विहिरींत आणि दुधात उतरली. काही शेतकऱ्यांना धंदा बंद करावा लागला आणि २०२२ मध्ये त्या राज्याने गाळ आणि गाळापासूनचं कंपोस्ट शेतात घालण्यावर बंदीच आणली. त्या शेतकऱ्यांनी चूक काय केली होती? ‘पोषक द्रव्यं निसर्गाला परत द्या’ हा सल्ला ऐकला, एवढीच. तेव्हा पुनर्चक्रीकरण हे आपोआप पुण्यकर्म आहे, या समजुतीचा बचाव माझ्याकडे नाही, आणि तो शोधायची इच्छाही नाही. मातीत काय परत जातंय हे टाकीच्या तंत्रज्ञानावर ठरत नाही, टाकीच्या तोंडाशी काय येतंय त्यावर ठरतं.

एका खतप्रकल्पात चाळणीपाशी मी बराच वेळ उभा होतो. पिंप आडवं टाकल्यासारखी लांबलचक गोल चाळणी सावकाश फिरत होती. वर राहिलेल्या ढिगात बाटल्यांची झाकणं, गोळ्यांची रिकामी पाकिटं, पुड्यांचे फाडलेले कोपरे, केसांचे पुंजके, एक टूथब्रश आणि घड्याळातला सेल. हे सगळं ओल्या कचऱ्याच्या गाडीतून आलेलं. पण बघण्यासारखं होतं ते खाली पडलेलं. तिथे काम करणाऱ्याने मूठभर खत तळहातावर घेऊन उन्हात धरलं. काळ्याभोर चुऱ्यात बारीक बारीक काहीतरी चकाकलं. काच. चाळणीच्या भोकांपेक्षा लहान, म्हणून खाली आलेली. ‘हे कुठल्याच मशिनीत निघत नाही,’ तो म्हणाला. ‘घरात निघतं.’ त्या ढिगातलं खत फुकट देऊ केलं तरी कुठला शेतकरी अनवाणी शेतात ते पसरेल?

टाकीचं तरी वेगळं काय आहे? तिचं पोट गाईच्या पोटासारखंच चालतं. ३५ ते ३७ अंशांची ऊब लागते, रोज ठरावीक वेळी ठरावीक खाणं लागतं. आम्ल करणारे जंतू भराभर वाढतात, मिथेन करणारे संथ. एखाद्या दिवशी गोडधोड किंवा तेलकट माल जास्त पडला की पहिले जंतू उधळतात, दुसरे मागे पडतात, टाकी आंबते, फेस वर येतो, गॅस बसतो. ती पुन्हा ताळ्यावर यायला आठवडे जातात. कागदावर हा प्रकल्प यंत्राचा असतो, प्रत्यक्षात तो गोठ्याचा असतो. गोठ्याला रोज येणारा, जनावराची नजर ओळखणारा माणूस लागतो. उद्घाटनाचा खर्च सगळ्यांना परवडतो, या माणसाचा पगार कुणालाच परवडत नाही. बंद पडलेल्या टाक्यांची कारणमीमांसा करणाऱ्या जाड अहवालांत हे वाक्य मला क्वचितच सापडतं.

आणि गॅसवर भरपूर पैसे मिळू लागले तर? मग तर सगळं सुरळीत होईल, असं वाटतं ना? जर्मनीने ते करून पाहिलं. २००० सालच्या कायद्याने नवीकरणीय विजेला ठरलेला भाव दिला. २००४ मध्ये खास पिकवलेल्या मालापासून गॅस केला तर वरून बोनस दिला. तिथे हजाराच्या आसपास असलेले बायोगॅस प्रकल्प दीड दशकात नऊ हजारांच्या घरात गेले. पण टाक्यांत गेलं काय? कचरा नव्हे, मका. तो सरळ उभा असतो, एकसारखा असतो, त्यात काच नसते आणि टनामागे गॅसही जास्त देतो. लाखो हेक्टर जमीन टाक्यांना खाऊ घालायला मक्याखाली गेली. जर्मन लोकांनी या प्रकाराला ‘मकाकरण’ अशा अर्थाचा एक शब्दच घडवला. २०१२ मध्ये नव्या प्रकल्पांवर मका आणि धान्य मिळून ६० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली, पुढे बोनसही गेला. जर्मन शेतकरी लबाड होते असं मुळीच नाही. त्यांना गॅसचे पैसे मिळत होते, त्यांनी गॅस केला. कचरा हटवण्याचे पैसे मिळाले असते तर त्यांनी कचरा हटवला असता.

उलट बाजूने दक्षिण कोरिया पाहा. २००५ मध्ये त्यांनी अन्नाचा कचरा थेट जमिनीत पुरण्यावर बंदी घातली, २०१३ पासून घराघराला टाकलेल्या कचऱ्याच्या प्रमाणात पैसे लावले. कित्येक इमारतींत पेटी कचऱ्याचं वजन करते आणि त्या घराच्या नावावर मांडते. आज तिथला जवळपास ९५ टक्के अन्नकचरा प्रक्रियेला जातो. इथे कुणी कचऱ्याकडे नफा मागितला नाही. ज्याने टाकला त्याच्याकडे खर्च मागितला. पण हे उदाहरणही मी पूजेला लावणार नाही. त्या कचऱ्यातून पिळून निघालेलं घाण पाणी कैक वर्षं जहाजांनी समुद्रात नेऊन ओतलं जात होतं. ते थांबलं २०१३ मध्ये. टक्केवारी तेव्हाही झोकदारच दिसत होती.

पर्यावरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांत आणखी एक घरातलं भांडण आहे. कचऱ्याचं आधी काय करायचं, गॅस की कंपोस्ट? कंपोस्टवाले म्हणतात, कर्ब, म्हणजे कार्बन, मातीत गेला पाहिजे. गॅसवाले म्हणतात, ऊर्जा वाया का घालवता? एकच कर्ब दोनदा खर्च करता येत नाही, हे खरं. पण इथेही निसर्ग लोक समजतात तेवढा आडमुठा नाही. टाकीतले जंतू साखर, स्निग्ध पदार्थ, प्रथिनं असा सहज मोडणारा भाग खातात. लाकडाच्या जातीचा चिवट भाग त्यांना पचत नाही, तो स्लरीत उरतो. कंपोस्टच्या ढिगात तो सहज मोडणारा भाग नाहीतरी टिकणारच नसतो. ढिगात हात घातला की चटका बसतो ना, ५५-६० अंशांचा? ती त्याच कर्बाची उष्णता, नुसती हवेत गेलेली. म्हणून आधी टाकी आणि मग स्लरीचं कंपोस्ट, हा क्रम बहुतेक वेळा शहाणपणाचा. फांद्या-पानं मात्र सरळ ढिगात. अर्थात स्लरीत नत्र अमोनियाच्या रूपात असतं, ती उघड्यावर शिंपडली तर बरंचसं उडून जातं. जमिनीच्या पोटात सोडायला हवी, त्याला अवजारं हवीत आणि पुन्हा तो गोठ्यातला माणूस हवा.

आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस? त्याच्याबद्दल कुणीच का बोलत नाही, मला कळत नाही. नत्र हवेतून काढता येतं. स्फुरदासाठी हाबर जन्मलेला नाही आणि जन्मणारही नाही, कारण ते हवेत नाहीच. ते खडकातून खणावं लागतं आणि जगात माहीत असलेल्या साठ्यांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास मोरोक्को आणि पश्चिम सहारा या एकाच पट्ट्यात आहेत. टाकीत गेलेलं स्फुरद गॅसबरोबर उडत नाही. ते जवळजवळ सगळं स्लरीत राहतं. युरियाशी तुलना करून कंपोस्टला हरवणारे या तागडीवर बोलायचं टाळतात, कारण इथे त्यांच्याकडे टाकायला वजन नाही.

मग पैसे कुणी द्यायचे? ज्याचा कचरा, त्याने आणि त्याच्या नगराने. गटाराचे देतो तसेच. आणि कशाचे द्यायचे, हे त्याहून महत्त्वाचं. प्रक्रियेचे करार बहुधा आत आलेल्या टनांवर पैसे देतात. साहजिकच ठेकेदाराला टन हवेत, कसलेही. माती, विटांचे तुकडे, भिजलेलं प्लास्टिक, सगळ्याला वजन सारखंच. मी वर सांगितलेल्या प्रकल्पातही मोठा वजनकाटा फाटकापाशी होता. गाडी आली की आकडा लाल दिव्यांत झळके, कारकून तो वहीत उतरवून घेई. खत बाहेर जाण्याचा रस्ता मागच्या बाजूला होता. तिथे काटा नव्हता, खताचा नमुना घ्यायची पिशवी नव्हती, नोंदवहीही नव्हती. पोती रचून ठेवलेली होती आणि खालच्या थरातल्या पोत्यांतून गवत उगवलं होतं.